रॅन्समवेअर काढलं तरी बाराव्या दिवशी परत: लिनक्स सर्व्हरवर नेमकं काय शोधायचं

लक्षण ओळखीचं आहे. सकाळी ऑफिस उघडतं, कुणीतरी शेअर्ड फोल्डरातली फाइल उघडायला जातं आणि ती उघडत नाही. नीट बघितलं तर प्रत्येक फाइलीच्या नावाला भलतंच शेपूट जोडलेलं, आणि प्रत्येक फोल्डरात एक छोटी चिठ्ठी: तुमचा डेटा कुलूपबंद केलाय, इतके बिटकॉइन पाठवा. सर्व्हर लिनक्सवरचा. तुम्ही बॅकअप परत टाकता, पासवर्ड बदलता, दोन दिवस धास्तीत जातात, मग विसरायला होतं. आणि एका सकाळी पुन्हा तेच.

माझ्या एकाच गिऱ्हाइकाकडे हे तीनदा झालं. इंदूरला राजवाड्याच्या मागच्या बाजूला एक जुना छापखाना आहे, धंदा मुख्यतः लग्नपत्रिकांचा. सर्व्हर म्हणजे कागदाच्या रिमांशेजारी ठेवलेला असेंबल केलेला डेस्कटॉप. त्यावर उबुंटू १८.०४, सांबानं (विंडोज पीसींना नेटवर्कवरून फोल्डर वापरू देणारा प्रोग्रॅम) शेअर केलेला डिझाइनचा फोल्डर, आणि त्याच मशीनवर पीएचपी-मायएसक्यूएलची ऑर्डर घेणारी वेबसाइट. वधूवरांकडची मंडळी घरबसल्या पत्रिकेचा नमुना बघतात, फोटो चढवतात, ‘श्री’ कुठलं हवं ते सांगतात. ‘लिनक्स घ्या काका, व्हायरसची कटकटच नाही’ हे वाक्य मालकांना मीच ऐकवलं होतं.

पहिल्या खेपेला मी यूएसबी डिस्कवरून फाइली परत टाकल्या. ती डिस्क आदल्या दिवशी कुणीतरी चार्जर लावायला म्हणून काढून ठेवली होती, एवढ्याच पुण्याईवर ती वाचली. नऊ दिवसांनी दुसरी खेप. मग मी वैतागून सगळं फॉरमॅट केलं, २२.०४ नव्यानं टाकलं, सगळे पासवर्ड बदलले, आणि डिझाइन करणाऱ्या मुलाच्या विंडोज पीसीवर संशय घेऊन तो नेटवर्कवरून तोडला. पेनड्राइव्हवरून त्या पोराला काकांनी भरपूर सुनावलं, मीही दोन शब्द घातले. बाराव्या दिवशी तिसरी खेप झाली. पीसी तेव्हाही तोडलेलाच होता.

काका म्हणाले, “बेटा, तू तर सगळं नवीन टाकलं होतंस ना?” टाकलं होतं. पण फॉरमॅट केल्यावरही जे परत येतं ते बहुधा ऑपरेटिंग सिस्टिममध्ये नसतंच, ते आपण बॅकअपबरोबर स्वतःच्या हातानं परत टाकलेलं असतं. एवढं कळायला मला २१ दिवस लागले. खाली दिलेल्या क्रमानं मी गेले नव्हते. गेले असते तर पहिल्याच दिवशी सुटले असते. कमांडची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, टर्मिनलवर अर्थात इंग्रजीत टाइप करायची.

आधी केबल काढा, बटणाला हात लावू नका

दिसल्या दिसल्या हात पॉवर बटणाकडे जातो. त्याआधी नेटवर्कची केबल काढा आणि मशीन चालू राहू द्या. ‘टॉप’मध्ये सीपीयू खाणारी अनोळखी प्रोसेस अजून धावत असेल तर तिला मारू नका, ‘किल’ला ‘स्टॉप’ सिग्नल देऊन गोठवा. मारलेल्या प्रोसेसची मेमरी गेली. गोठवलेलीची शाबूत राहते, आणि फाइलींच्या चाव्या क्वचित तिथं सापडतात. बरीच रॅन्समवेअर स्वतःची फाइल डिस्कवरून पुसून मग काम करतात. तरीही ‘/प्रॉक’खाली त्या प्रोसेसच्या क्रमांकाच्या फोल्डरात ‘ईएक्सई’ नावाचा दुवा असतो, त्यातून तो प्रोग्रॅम कॉपी करून घेता येतो. प्रोसेस संपली की तो दुवाही गेला. अर्थात मिनिटभरात प्रोसेस सापडली नाही आणि डोळ्यांदेखत फाइली जात असतील तर सरळ पॉवरची वायर खेचा. चावीच्या आशेपेक्षा उरलेल्या फाइली महत्त्वाच्या.

रीस्टार्ट न करण्याचं दुसरं कारण मला दवा बाजारातल्या एका घाऊक औषधवाल्याकडे कळलं. तिथं डेटाबेसच्या फाइलीही गेल्या होत्या, पण मायएसक्यूएल मात्र निवांत चालू होतं, बिलंसुद्धा निघत होती. गोष्ट साधी आहे. कुलूप लावणारा प्रोग्रॅम काही वेळा मूळ फाइल वाचून बाजूला नवी कुलूपबंद फाइल लिहितो आणि मूळ पुसतो. लिनक्सवर पुसलेली फाइल एखाद्या प्रोसेसनं उघडी धरलेली असेल तर तिचं नाव जातं, मजकूर जात नाही. ‘एलएसओएफ’ला ‘+एल१’ दिलं की अशा नाव गेलेल्या पण जिवंत फाइलींची यादी मिळते. मी त्या चालू सर्व्हरवरूनच सगळ्या तक्त्यांचा डम्प नव्या डिस्कवर काढला. कुणी ‘एकदा बंद-चालू करून बघू’ म्हटलं असतं तर चार वर्षांची बिलं त्या क्षणी गेली असती.

हे कुलूप उघडेल का?

पहिला तास लोक याच प्रश्नात घालवतात, पुष्कळदा पहिला आठवडासुद्धा. उत्तर दहा मिनिटांत काढता येतं, फक्त आत काय चालतं ते माहीत हवं.

दुकानाच्या शटरला लावतात ते खटक्याचं कुलूप डोळ्यांपुढं आणा. दाबलं की लागतं, लावायला चावी लागत नाही. उघडायला लागते, आणि ती शेठजींच्या खिशात. गुन्हेगार तुमच्या सर्व्हरवर असं उघडं कुलूप पाठवतो, ती झाली त्याची पब्लिक की. चावी, म्हणजे प्रायव्हेट की, त्याच्याकडेच राहते, तुमच्या मशीनवर एका क्षणासाठीसुद्धा येत नाही. म्हणून डिस्क कितीही खरवडली तरी ती सापडत नाही.

पण आरएसएसारखी पब्लिक कीची पद्धत जीबी-जीबीच्या फाइलींना फार मंद. म्हणून काम दोन पायऱ्यांत होतं. प्रत्येक फाइलीसाठी एक ताजी, यादृच्छिक, छोटी चावी तयार होते, तिनं एईएस किंवा चाचा२० किंवा सोसेमानुकसारख्या वेगवान पद्धतीनं फाइल गुंडाळली जाते, मग ती छोटी चावी गुन्हेगाराच्या पब्लिक कीनं बंद करून फाइलीच्याच शेवटी चिकटवली जाते आणि मेमरीतली प्रत पुसली जाते. ही युक्ती काही टोळीच्या डोक्यातून निघालेली नाही. १९८९ च्या ‘एड्स ट्रोजन’मध्ये लावायची आणि उघडायची चावी एकच होती, त्यामुळे ते उलगडता आलं. त्यातली ही उणीव दाखवून पब्लिक कीची वाट १९९६ मध्ये ॲडम यंग आणि मोती युंग या दोघा संशोधकांनी शोधनिबंधात मांडली. ती इशारा म्हणून होती. वीस वर्षांत तिचा बाजार झाला.

आणि लिनक्स यात गुन्हेगाराची अडवणूक करत नाही, उलट मदतच करतो. कर्नल ४.८ पासून, म्हणजे २०१६ पासून, ‘/डेव्ह/यूरँडम’ हे चाचा२० वर चालतं आणि मागेल त्याला उत्तम यादृच्छिक आकडे देतं. मागणारा बँकेचा प्रोग्रॅम आहे की खंडणीखोराचा हे त्याला कळायचं कारण नाही. ओपनएसएसएल, एम्बेडटीएलएस या लायब्ऱ्या तर सगळ्यांना खुल्याच. २०२१ मध्ये ‘बाबुक’ टोळीचा सोर्स कोडच फुटला, त्यात लिनक्स-घराण्याच्या सर्व्हरांसाठीचा भागही होता. तेव्हापासून स्वतःचं क्रिप्टो न लिहिता आयतं घेऊन येणारे पुष्कळ झाले. दुर्दैवानं आयतं घेतलेलं क्रिप्टो घरी शिजवलेल्यापेक्षा पक्कं असतं.

घरी शिजवलेलं मात्र फुटतं, आणि आपली आशा तेवढ्यावरच असते. नोव्हेंबर २०१५ मध्ये ‘लिनक्स.एन्कोडर.१’ आलं, मॅजेंटो या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या ऑनलाइन दुकानांच्या सर्व्हरांवर, मागणी १ बिटकॉइनची. आत एईएस-१२८ आणि आरएसए-२०४८, म्हणजे कागदावर अभेद्य. पण एईएसची चावी त्यांनी सी भाषेतल्या साध्या ‘रँड’नं काढली होती आणि त्याला बीज दिलं होतं त्या क्षणाच्या घड्याळाचं. तो क्षण तर कुलूपबंद फाइलीवरच लिहिलेला, फाइल शेवटची बदलल्याची वेळ म्हणून! बिटडिफेंडरनं तेवढ्यावर चावी परत काढणारं साधन फुकट दिलं. ‘क्लॉप’ या रॅन्समवेअरच्या लिनक्स आवृत्तीत आरसी४ ची मुख्य चावी प्रोग्रॅममध्येच लिहून ठेवलेली सापडली, त्याचंही साधन २०२३ मध्ये सेंटिनेलवननं प्रसिद्ध केलं.

म्हणून पहिल्या खेपेची माझी एक घोडचूक सांगते: मी कुलूपबंद फाइली साध्या ‘सीपी’नं दुसऱ्या डिस्कवर हलवल्या आणि मूळ पुसल्या. सगळ्यांच्या वेळा त्या दुपारच्या झाल्या. माझ्या बाबतीत फरक पडला नाही, पण लिनक्स.एन्कोडरसारखं काही असतं तर चावीचं बीज मीच पुसलं असतं. पूर्ण डिस्कची प्रतिमा काढा, निदान ‘आरसिंक -ए’ वापरा, त्यात फाइलींच्या वेळा जशाच्या तशा राहतात.

आता दहा मिनिटांची चाचणी. बॅकअपमध्ये मूळ प्रत असलेली एक फाइल घ्या आणि दोन्हींचा आकार बाइटमध्ये बघा. छापखान्यातल्या एका पत्रिकेची मूळ फाइल ४८,२१,७६० बाइटची, कुलूपबंद ४८,२२,२७२ ची. फरक ५१२. दुसरी फाइल, फरक ५१२. तिसरी, ५१२. आरएसए-४०९६ नं बंद केलेली कुठलीही छोटी चावी बरोबर ५१२ बाइट घेते. आरएसए-२०४८ असेल तर २५६. कर्व्ह२५५१९ वापरणारे शेवटी ३२ बाइटची पब्लिक की ठेवतात, कधी त्यापुढे आपली खूण. शेवटचे ५१२ बाइट ‘एक्सएक्सडी’नं (फाइलीतले बाइट दाखवणारी कमांड) बघितले तर प्रत्येक फाइलीत वेगळे, कुठंही पुनरावृत्ती नाही. म्हणजे प्रत्येक फाइलीची चावी वेगळी आणि नीट बंद केलेली. हे दिसलं की शेपटाचं नाव आणि चिठ्ठी ‘नो मोअर रॅन्सम’ या संकेतस्थळावर टाकून बघा. २०१६ पासून नेदरलँड्सचे पोलीस, युरोपोल आणि सुरक्षा कंपन्या मिळून ते चालवतात, आणि उलगडण्याची फुकट साधनं तिथं एकत्र मिळतात. तिथं नसेल तर कुलूपबंद प्रती एका डिस्कवर जपून ठेवा, कारण चाव्या वर्षांनी बाहेर पडल्याची उदाहरणं आहेत, आणि पुढच्या कामाला लागा. ‘गॅरंटीनं उघडून देतो’ म्हणणाऱ्यांना पैसे देऊ नका. त्यांतले काही जण तुमच्याकडून जास्त घेऊन गुन्हेगाराला कमी देतात, बाकी काही करत नाहीत.

एक कोपरा मात्र बघायचा राहू देऊ नका. वेगासाठी बरेच प्रोग्रॅम मोठी फाइल पूर्ण गुंडाळत नाहीत, सुरुवातीचा तुकडा किंवा मधूनमधून पट्टे गुंडाळतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये आभासी मशीन चालवणाऱ्या व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआय सर्व्हरांवर ‘ईएसएक्सआयआर्ग्ज’ची लाट आली तेव्हा आभासी मशीनच्या छोट्या वर्णन-फाइली गेल्या, पण प्रत्यक्ष डेटाच्या अवजड फाइली बऱ्याच ठिकाणी वाचल्या, आणि अमेरिकेच्या सिसा या संस्थेनं त्यावरून मशीन परत उभं करणारी स्क्रिप्ट दिली. ईएसएक्सआय काही मुक्तस्रोत नव्हे, पण हिशेब तोच. आभासी डिस्क, मोठा डेटाबेस डम्प, व्हिडिओ, यांच्या मधल्या भागात ‘एक्सएक्सडी’नं डोकावून बघा. वाचता येणारा मजकूर दिसला तर आशा आहे.

कुलूप कोणाच्या हातानं लागलं?

परत येणारा त्रास थांबवायचा तर हा प्रश्न खरा, आणि उत्तर मशीनवरच लिहिलेलं असतं. लोकांना वाटतं (मलाही वाटायचं) की लिनक्सवर रॅन्समवेअर म्हणजे रूट, सगळे अधिकार असलेलं खातं, गुन्हेगाराच्या हातात गेलं असणार. फाइल कुलूपबंद करायला रूट लागत नाही. ती फाइल बदलायची परवानगी ज्याला आहे तो पुरतो.

चिठ्ठीवर ‘स्टॅट’ चालवा आणि मालक बघा. फाइलींचा मालक फसवू शकतो, कारण जागच्या जागी लिहिलं असेल तर जुनाच मालक दिसतो. चिठ्ठी मात्र नेहमी नव्यानं लिहिलेली असते, तिचा मालक म्हणजे कुलूप लावणारा हात. मालक रूट दिसला तर मशीनचा कुठलाही भाग विश्वासाचा नाही. मालक सांबाचा एखादा वापरकर्ता असेल तर लिनक्सला काही झालेलंच नाही, शेअर जोडलेल्या एखाद्या विंडोज पीसीवर रॅन्समवेअर चालतंय आणि तुमचा सर्व्हर बिचारा सांगितलं ते लिहून घेतोय. (सांबात ‘फोर्स यूजर’ लावलेलं असेल तर सगळ्यांचं नाव एकच दिसेल, मग सांबाच्या लॉगमध्ये कुठल्या आयपीवरून ते बघावं लागतं.)

छापखान्यातल्या चिठ्ठीचा मालक होता ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा’. म्हणजे वेब सर्व्हर. सांबा नाही, तो डिझाइनवाला मुलगा नाही, रूट नाही.

आणि मग मागच्या तिन्ही खेपांचा अर्थ एकदम लागला. तिन्ही वेळा हिशेबाचा फोल्डर सुखरूप होता. डेटाबेसही. काका त्याला खजराना गणेशाची कृपा म्हणत होते आणि मला दुसरं काही सुचत नव्हतं. हिशेबाच्या फोल्डरला ७५० परवानगी होती (मालक आणि त्याचा गट सोडून कुणालाच प्रवेश नाही), डेटाबेसच्या फाइली ‘मायएसक्यूएल’ या वापरकर्त्याच्या. वेब सर्व्हरला दोन्हीकडे मज्जाव. डिझाइनच्या फोल्डरला मात्र ७७७, म्हणजे कुणीही वाचा, कुणीही लिहा. का, तर वेबसाइटला तिथूनच पत्रिकांची छोटी चित्रं तयार करायची होती, एका संध्याकाळी ती होईनात, आणि सात-सात-सात टाकून मी सराफ्यात गराडू खायला गेले. २२.०४ टाकलं तेव्हा परवानग्यांसकट सगळं ‘आरसिंक’नं इमानेइतबारे परत आणलं, तेही मीच.

काय गेलं आणि काय वाचलं याची यादी करा आणि शेजारी प्रत्येक फोल्डरच्या परवानग्या लिहा. दोन्ही बाजू जुळणारा वापरकर्ता बहुधा एकच निघतो.

दार

चिठ्ठीची वेळ पहाटे २:४७. अपाचेच्या, म्हणजे वेब सर्व्हरच्या, लॉगमध्ये २:४६ ला एक पोस्ट (बाहेरून माहिती पाठवणारी) विनंती, गिऱ्हाइकांनी चढवलेल्या फोटोंच्या फोल्डरातल्या एका फाइलीला, उत्तर २००, म्हणजे विनंती यशस्वी. फोटोंच्या फोल्डरात पोस्ट? फाइलीचं नाव शेवटी पीएचपी. ‘फाइंड’नं त्या फोल्डरात पीएचपी फाइली शोधल्या: ११ हजारांवर फोटो, त्यांत एक पीएचपी, जेमतेम दीड केबीची, नावात ‘थंब’ घालून फोटोंमध्ये बेमालूम मिसळलेली. उघडली तर बेस६४ ची लांबलचक ओळ आणि ‘इव्हॅल’. बाहेरून येईल ती आज्ञा चालवणारा वेबशेल. फोटो चढवायच्या कोडमध्ये तपासणी होती, पण ब्राउझर सांगेल त्या प्रकारावर विश्वास ठेवणारी; ब्राउझरच्या नावानं कुणीही काहीही सांगू शकतं.

हा लॉग मला मिळाला तो तिसऱ्या खेपेचा. पहिल्या दोन्हींचा नाही. उबुंटूवर अपाचेचे लॉग रोज गुंडाळले जातात आणि १४ ठेवले जातात. पहिली खेप २१ दिवसांपूर्वीची, तिचा लॉग कधीच गेला असता. दुसरी १२ दिवसांपूर्वीची, तिचा असायला हवा होता. तो मी फॉरमॅट करताना स्वतः पुसला. फॉरमॅटच्या आधी ‘/व्हार/लॉग’ आणि ‘/ईटीसी’ पेनड्राइव्हवर घ्यायला पाच मिनिटं लागतात.

ती फाइल आली कधी? तिच्यावरची तारीख खोटी असू शकते. इथं काकांची सवय कामी आली. दर १ तारखेला ते एका जुन्या हार्ड डिस्कवर सगळं भरून डिस्क लोखंडी कपाटात ठेवतात, वर चिठ्ठी चिकटवून, त्यांच्या वळणदार अक्षरात महिना. मी या सवयीला हसायची. जानेवारीच्या डिस्कवर ती पीएचपी नव्हती, फेब्रुवारीच्या डिस्कवर होती. कुलूप लागलं जूनमध्ये. म्हणजे चार-पाच महिने कुणीतरी आत येऊन जात होतं. आत शिरणारे आणि कुलूप लावणारे पुष्कळदा वेगळे असतात, शिरलेला माणूस वाट विकतो. म्हणून ‘स्वच्छ’ बॅकअप म्हणजे हल्ल्याच्या आदल्या रात्रीचा नव्हे. डेटा हवा तर आदल्या रात्रीचा घ्या, पण चालू शकणारं काहीही, कोड, प्लगइन, स्क्रिप्ट, मूळ ठिकाणाहून नव्यानं आणा.

दार दुसरीकडे असेल तर

चिठ्ठीचा मालक रूट असेल तर नव्यानं टाकण्याशिवाय इलाज नाही, पण टाकण्याआधी जुन्या डिस्कवर दार कुठलं ते बघा. रूटच्या आणि प्रत्येक वापरकर्त्याच्या ‘ऑथराइज्ड कीज’ फाइलीत (पासवर्डशिवाय लॉगिन देणाऱ्या चाव्यांची यादी) अनोळखी ओळ आहे का. सगळ्यांचे क्रॉनटॅब आणि सिस्टमडीचे टायमर (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं), ‘/ईटीसी/एलडी.एसओ.प्रीलोड’ (ही फाइल सहसा नसतेच, असेल तर संशय घ्या). रूट असूनही एखादी फाइल पुसता येत नसेल तर ‘एलएसएटीटीआर’ चालवा; ‘आय’ अक्षर दिसलं तर ती ‘सीएचएटीटीआर’नं अचल करून ठेवली आहे, आणि तसं का केलं असेल ते सांगायला नको. एसएसएच (दुरून लॉगिन करायची सोय) पासवर्डवर उघडा आणि राउटरवर पोर्ट फॉरवर्ड केलेला असेल तर पुढं शोधायची फारशी गरज नाही.

जुनं सॉफ्टवेअर हे कारण सांगायला कंटाळवाणं, पण महाग. जून २०१७ मध्ये दक्षिण कोरियातल्या नायना या होस्टिंग कंपनीचे १५३ लिनक्स सर्व्हर ‘एरेबस’नं बंद केले. त्यांचं कर्नल २००८ मध्ये कंपाइल केलेलं, अपाचे आणि पीएचपी २००६ च्या काळातले. त्यांनी ३९७.६ बिटकॉइन मोजले, तेव्हाचे सुमारे १० लाख डॉलर.

नॅस बॉक्स (नेटवर्कला जोडलेली साठवणीची पेटी) वापरत असाल तर तोही आतून लिनक्सच, आणि तो थेट इंटरनेटवर उघडा ठेवायची हौस बऱ्याच दुकानांना असते. क्यूनॅप कंपनीच्या नॅस मशीनवर २०२२ मध्ये आलेलं ‘डेडबोल्ट’ ०.०३ बिटकॉइन मागायचं आणि पैसे पोचले की चावी बिटकॉइनच्या व्यवहारातूनच आपोआप परत धाडायचं. नेदरलँड्सच्या पोलिसांनी पैसे पाठवले, चाव्या घेतल्या आणि व्यवहार पक्का व्हायच्या आत पैसे मागे घेतले, अशा १५५ चाव्या. क्रिप्टोग्राफी तिथंही फुटली नव्हती. मला ही गोष्ट फार आवडते.

काय बदललं

फोटोंच्या फोल्डरात पीएचपी चालणंच बंद केलं, अपाचेत चार ओळींचा नियम. चढवलेली प्रत्येक फाइल आता चित्र म्हणून उघडून नव्यानं साठवली जाते, नाव सर्व्हर देतो. वेब सर्व्हरला डिझाइनच्या फोल्डरात फक्त वाचायची परवानगी. छोटी चित्रं वेगळा वापरकर्ता वेगळ्या फोल्डरात करतो. ७७७ कुठंच नाही. ‘ऑडिटडी’ला डिझाइनच्या फोल्डरावर नजर ठेवायला लावलं, म्हणजे पुढच्या वेळी कुठल्या प्रोसेसनं लिहिलं ते शोधत बसायला नको. लॉग ९० दिवस राहतात आणि रोज दुसऱ्या मशीनवर जातात.

प्रत्येक फोल्डरात एक आमिषाची फाइलही ठेवली, ती बदलली की सांबा आणि अपाचे दोन्ही बंद पडतात. अशी फाइल नावात ‘०००’ घालून सगळ्यात वर ठेवा म्हणजे आधी तीच जाईल, असा सल्ला सर्रास दिला जातो. ईएक्सटी४ वर प्रोग्रॅमला फाइली वर्णानुक्रमानं मिळत नाहीत, आतल्या हॅशच्या क्रमानं मिळतात. म्हणून एक ठेवून भागत नाही, फोल्डरागणिक तीन-चार ठेवल्या.

बॅकअपची दिशा उलटी केली. पूर्वी सर्व्हर यूएसबी डिस्कवर ‘आरसिंक’नं ‘--डिलीट’ लावून लिहायचा, म्हणजे डिस्क लावलेली असती तर कुलूपबंद फाइली मुकाट्यानं चांगल्यांच्या जागी बसल्या असत्या. आता सुदामा नगरला काकांच्या घरी ठेवलेला जुना लॅपटॉप रात्री येऊन डेटा ओढून नेतो. सर्व्हरकडे लॅपटॉपचा पासवर्ड नाही, पत्ताही नाही. जेल रोडवरून नवी ४ टीबी डिस्क आणली ती त्याला. दुकानदार म्हणाला, “भिया, लोग पहले रोते हैं, फिर डिस्क लेते हैं.” महिन्याच्या १ तारखेला काका कपाटातली डिस्क भरतातच, आणि त्याच दिवशी मी लॅपटॉपवरून पाच फाइली परत आणून उघडून बघते.

तक्रारीचं राहिलं. १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नोंद करा. कंपनी, सेवा पुरवठादार किंवा डेटा सेंटर असाल तर एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लक्षात आल्यापासून ६ तासांत सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला कळवावं लागतं. डिस्कची प्रतिमा, चिठ्ठी आणि लॉग हाताशी असले की तिथं बोलणं सोपं जातं.

डिझाइनवाल्या मुलाचा पीसी त्याच दिवशी परत जोडला. काकांनी त्याच्यासाठी पोहे-जलेबी मागवली, मला म्हणाले पैसे तू दे. दिले. त्या गोष्टीला आता सात महिने झाले. लॉगमध्ये अजूनही दर आठ-दहा दिवसांनी पहाटे अडीच-तीनच्या सुमाराला त्याच ‘थंब’वाल्या फाइलीला पोस्ट विनंती येते, प्रत्येक वेळी नव्या आयपीवरून. ४०४ मिळतं आणि जाते.